चौदा तासांची वाफ

विद्यापीठाच्या ऊर्जा-संशोधन आवारात तिला सगळे मीटरताई म्हणायचे. संचालकांपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे. सव्वीस वर्षं तिचं काम एकच होतं. यंत्रांवर मोजमापाची साधनं बसवायची, ती खरं सांगतायत ना हे दर महिन्याला तपासायचं आणि आकडे वरच्या मजल्यावर पाठवायचे. त्या आकड्यांवर कितीतरी जणांनी डॉक्टरेट मिळवली, परदेशी गेले, परत आले, त्यातले दोघे तर तिचेच साहेब झाले. मीटरताई मात्र तळमजल्यावरच्या आपल्या खोलीतच होती. खोलीत एक लांब टेबल, तारांची भेंडोळी आणि एक खुर्ची. दुसरी खुर्ची ठेवायची वेळ फारशी आली नव्हती.

गेली तीन वर्षं सगळ्या आवाराचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. आवाराच्या मागच्या टोकाला, पत्र्याच्या उंच शेडमध्ये, दुमजली घराएवढी एक पोलादी पेटी उभी होती. आत विटाच विटा आणि विटांमधून तापणाऱ्या तारा. टेकडीवरच्या पवनचक्क्यांची जास्तीची वीज त्या तारांत सोडून विटा लालबुंद करायच्या, मग दिवसभर त्यांच्यातून खालून वर हवा खेळवायची आणि त्या तापलेल्या हवेवर वाफ करायची. ही वाफ भिंतीपलीकडच्या कापड रंगवण्याच्या कारखान्याला द्यायची आणि तिथला कोळसा बंद करायचा, असा बेत. पेटीला सगळे वीटघर म्हणत.

कारखान्याच्या दोन पाळ्या. पहाटे पाच ते संध्याकाळी सात, चौदा तास वाफ सलग हवी. वीटघर साडेनऊ तासांत मान टाकायचं. एकदा नाही, अकरा वेळा करून पाहिलं. दुपारी अडीचच्या सुमाराला वाफेचा काटा खाली यायला लागला की शेडमधले सगळे एकमेकांची नजर चुकवत.

त्यातच कारखान्याच्या जुन्या बॉयलरचा परवाना महिनाअखेर संपणार होता. तिथले रंगमास्तर, म्हणजे कोणत्या कापडावर कोणता रंग कसा चढेल ते ठरवणारे मुख्य, स्वतः येऊन सांगून गेले, "एकदा सलग चौदा तास दाखवा. नाही जमलं, तर आम्ही नवा बॉयलर आणतो, कोळशाचाच. आणि तो एकदा बसला की पुढची तीस वर्षं तुमच्या विटांना कोण विचारतंय?"

महिना संपायला सव्वीस दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी बैठक बोलावली. सर वीटघराचे प्रमुख; माणूस हुशार, पण गेल्या काही महिन्यांत झोप उडालेला. त्यांच्या शेजारी संगणकावर वीटघराचं गणित मांडणारी संशोधक बसली होती. ती आवारातली सगळ्यात उंच बाई, म्हणून तिचं नाव पडलं होतं छोटी.

"विटाच चुकीच्या निघाल्या," सर म्हणाले. "उष्णता पोटात धरून ठेवतात, सोडत नाहीत. काटा खाली येतो तेव्हाही विटा आतून सहाशे अंशांवर असतात. सगळ्या काढून दुसऱ्या घालायच्या. चार महिने लागतील."

चार महिने म्हणजे कारखान्यावर पाणी सोडणं, हे सगळ्यांना कळलं.

"एकतीस नंबरचं काय?" मीटरताईने विचारलं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. बैठकीत ती कधी बोलत नसे.

"कसलं एकतीस नंबर?"

"विटांमध्ये अठ्ठेचाळीस सेन्सर आहेत. सत्तेचाळीस सांगतात विटा गरम आहेत. एकतीस नंबर, वरच्या थरातला, मागच्या डाव्या कोपऱ्यातला, तिसऱ्या तासालाच दोनशेवर येतो. दर वेळी."

"तो बिघडलाय, ताई," छोटी म्हणाली. "बाकीच्यांशी जुळत नाही म्हणून संगणक त्याला आपोआप वगळतो."

"मी बसवलाय तो. बिघडलेला नाही."

"मीटरताई," सर थकलेल्या आवाजात म्हणाले, "तुम्ही आकडे द्या. त्यांचा अर्थ लावायचं आमच्यावर सोडा."

तिचे कान तापले. ती खाली आली, दार लावलं आणि टेबलाशी पाच मिनिटं नुसती बसून राहिली. मग उठली, अवजारांची पिशवी घेतली, शिडी लावून वीटघराच्या माथ्यावर चढली आणि एकतीस नंबर बाहेर ओढून काढला.

दुपारी ती सरांच्या खोलीत शिरली ती एका हातात बर्फाचं भांडं आणि दुसऱ्या हातात चहाची विजेची किटली घेऊन. सर फोनवर होते, त्यांनी फोन ठेवला. तिने खांद्यावरच्या पिशवीतून सेन्सर आणि मीटर काढला आणि सेन्सर बर्फात धरला. मीटरवर आकडा आला, शून्य. किटलीतलं पाणी खळखळायला लागलं तसा त्यात धरला. शंभराला एक कमी.

"एक कमी का?" दारातून छोटीने विचारलं. ती मागोमाग आली होती.

"आपण उंचावर राहतो म्हणून. इथे पाणी नव्व्याण्णवलाच उकळतं. म्हणजे हा इतका खरा बोलतोय." तिने सेन्सर पुसला. "सर, सत्तेचाळीस जणांशी पटत नाही म्हणून एकाला वेडा ठरवू नका. तो कोपरा खरंच थंड पडतोय. हवा विटांमधून जायचं सोडून तिथून आडवाटेने पळतेय. गरम न होताच वर पोचते आणि गरम हवेत मिसळून सगळा खेळ बिघडवते. विटा उष्णता सोडत नाहीत असं नाही, त्यांच्याकडे कोणी मागायलाच जात नाही."

सरांनी सेन्सर हातात घेतला, फिरवून पाहिला.

"एक आठवडा," ते म्हणाले. "आडवाट दाखवा मला. दिसली तर तुमचं म्हणणं खरं."

घरी मीटरताईचे सासरे होते. चौतीस वर्षं त्याच रंगाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळलेले. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली तरी कारखान्याच्या भोंग्याबरोबर उठणारे. वीटघराचा विषय घरात निघाला की ते उठून गॅलरीत जात. त्यांच्या मुलाने, म्हणजे मीटरताईच्या नवऱ्याने, तर नियमच केला होता की जेवताना ऊर्जा हा शब्द उच्चारायचा नाही.

त्या संध्याकाळी तिने नियम मोडला. "मामंजी, भट्टीच्या भिंतीतून हवा चोरवाटेने जात असेल तर तुम्ही कसं शोधायचात?"

म्हाताऱ्याने घास खाली ठेवला. "माझ्या बॉयलरच्या मुळावर उठलीस, आणि वर युक्ती मलाच विचारतेस, सूनबाई?"

"झालं!" नवरा म्हणाला. "आता आमटी पण गार, डोकी पण गरम."

सासरे ताट सारून गॅलरीत गेले.

तिने आपल्या बुद्धीने केलं. वीटघर पूर्ण थंड होऊ दिलं, पंखा सुरू केला, खालच्या तोंडाशी ओलं गोणपाट जाळून दाट धूर केला आणि माथ्यावरच्या काचेच्या झरोक्यातून पाहत बसली. सर आणि छोटी शेजारी होते. धूर वर आला तो सगळीकडून सारखा, संथ, एखाद्या शहाण्या मुलासारखा. कोपऱ्यात वेगळं काहीच दिसलं नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. सरांनी नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि शिडी उतरून गेले, आणि ते तिला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

आठवड्यातले तीन दिवस उरले होते.

घरी येऊन ती भाजी चिरायला बसली. अंगाला धुराचा वास येत होता. सासरे गॅलरीतून आत आले, तिच्याकडे पाहिलं, हुंगलं.

"गोणपाट जाळलंस?"

"हो."

"काय दिसलं?"

"काही नाही. धूर सगळीकडून सारखा आला."

"भट्टी गरम होती की थंड?"

"थंड. धूर करायचा तर थंडच बरी, असं वाटलं."

म्हातारा हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकता खोकता भिंतीला धरून खाली बसला. तिने पाणी आणून दिलं. "अगं, थंड भिंत तोंड मिटून बसते! पोलाद तापलं की फुगतं. विटा त्याच्याइतक्या फुगत नाहीत. मग दोघांत फट पडते. गार झालं की पुन्हा मिटते. थंड असताना शंभर वर्षं बघितलंस तरी काही दिसायचं नाही."

"आणि धूर कशाला? गरम भट्टीत धूर जळून जातो. चुन्याची पूड टाकायची. जिथून जोरात जाईल तिथे पांढरा पट्टा मारून जाते. नंतर गार झाल्यावरही पुसला जात नाही. आम्ही दर वर्षी करायचो."

तिने चाकू खाली ठेवला. मग ते म्हणाले, "चौतीस वर्षं कोळसा घातला मी. मला त्या यंत्राचा राग येतो, कारण ते आलं की माझं केलेलं काम कोणाला लागणार नाही." त्यांनी छातीवर तळहात ठेवला. "पण त्यातला थोडा कोळसा इथे आहे. माझ्या जागेवर आता काम करणारा आहे, त्याच्याही इथे साठत असणार." मग नेहमीच्या रागीट आवाजात, "उद्या किती वाजता निघायचं?"

दुसऱ्या दिवशी सासरे इस्त्रीचा शर्ट घालून आवारात आले. छोटीने त्यांना वीटघराभोवती फिरवलं. त्यांनी तिच्याकडे मान वर करून पाहिलं आणि विचारलं, "तुला छोटी कोण म्हणतं?"

"सगळेच, आजोबा."

"चष्मे बदला म्हणावं."

विटा चारशे अंशांपर्यंत तापवल्या. मीटरताई माथ्यावर झरोक्याशी, शेजारी सर. छोटी खाली पंख्याच्या तोंडाशी चुन्याची बादली घेऊन, आणि म्हातारा तिच्यामागे उभा.

"एक मूठ," ते म्हणाले. "उधळू नकोस, सोड."

झरोक्यात दिव्याच्या उजेडात विटांचा माथा दिसत होता. एक सेकंद, दोन. आणि मागच्या डाव्या कोपऱ्यातून पांढरा झोत उसळला, पिचकारी उडावी तसा सरळ वर. बाकीच्या माथ्यावर अजून कणही आला नव्हता.

"आला!" मीटरताई ओरडली. सव्वीस वर्षांत त्या शेडमध्ये तिचा इतका मोठा आवाज कोणी ऐकला नव्हता. "सर, दिसला?"

सर काचेवर वाकले होते. "पुन्हा टाका," ते म्हणाले. पुन्हा तसाच झोत. "पुन्हा." पाच मुठी झाल्या तेव्हा कुठे ते काचेपासून बाजूला झाले. चेहऱ्यावर घाम आणि हसू.

"मी तुम्हाला बैठकीत जे बोललो," ते म्हणाले, "ते सगळ्यांसमोर बोललो. परतही सगळ्यांसमोरच घेतो." आणि शिडी उतरायच्या आधीच वरून खालच्या बारा-पंधरा जणांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एकतीस नंबर बरोबर होता. मीटरताई बरोबर होत्या. चूक माझी."

वीटघर थंड व्हायला तीन दिवस गेले. माथ्याची झाकणं काढून मीटरताई आत उतरली. कोपऱ्यात खालपासून वरपर्यंत चुन्याचा पांढरा पट्टा, कोणी कुंचला फिरवल्यासारखा. पोलाद आणि विटांच्या मधल्या फटीत आता जेमतेम करंगळी जात होती.

सरांना ती सिमेंटने बुजवायची होती. म्हातारा खालूनच ओरडला, "सिमेंट पहिल्या तापालाच तडकेल! फटीला उघडू-मिटू द्यायचं. ती उघडली की बरोबर फुगेल असं काहीतरी ठासा. आम्ही दोर ठासायचो."

तापाला न जळणारा लोकरीसारखा जाड दोर आवाराच्या भांडारात होता. तो लांब सळईने फटीत ठासत जायचं, आणि दर चार थरांनी एक वीट अशी बसवायची की तिचं टोक फटीत शिरून वाट अडवेल. चारही कोपरे, वरपासून तळापर्यंत. आत एका वेळी एकच माणूस मावायचा. मीटरताई, छोटी आणि सर पाळीपाळीने उतरले. छोटीची उंची पहिल्यांदाच कामी आली. तळाशी सळई पोचवणं तिलाच जमायचं. सरांचे तळहात फोडांनी भरले. "डॉक्टरेटला इतके फोड आले नव्हते," असं ते म्हणाले तेव्हा म्हाताऱ्याने पहिल्यांदा त्यांच्याकडे आपुलकीने पाहिलं.

महिना संपायला दोन दिवस असताना चाचणी ठरली. एकतीस नंबर परत आपल्या जागी बसवला आणि विटा आठशे ऐंशी अंशांवर नेल्या. कारखान्यात रंगमास्तरांनी बॉयलरचा जाळ विझवून घेतला होता, आणि वाफेच्या मुख्य नळीवर दोन झडपा होत्या, एक बॉयलरकडची, एक वीटघराकडची. पहाटे पाचला पाच मिनिटं कमी असताना मास्तर म्हाताऱ्यासमोर येऊन उभे राहिले.

"बॉयलरकाका, बॉयलरकडची झडप तुम्हीच बंद करा. दुसऱ्या कोणी केलेली मला बघवणार नाही."

म्हाताऱ्याने झडपेचं चाक दोन्ही हातांनी धरलं. मीटरताईला वाटलं, आता हे रडतील. ते रडले नाहीत. त्यांनी चाक शेवटच्या आट्यापर्यंत फिरवलं, तपासायला अजून एकदा ताणलं आणि म्हणाले, "हं. उघड आता तुझी."

तिने उघडली. नळी थरथरली, वाफ शिट्टी वाजवत गेली आणि पलीकडे रंगाचे हौद उकळायला लागले.

सकाळ सरळ गेली. दुपारी बारा वाजता पाळी बदलली तेव्हा काटा जिथे होता तिथेच होता. दोन वाजता शेडमधलं बोलणं बंद झालं. अडीच वाजले. अडीचचे तीन झाले, तीनचे साडेतीन. काटा हलला नाही. छोटीने टेबलावर डोकं ठेवलं, आणि ती हसतेय की रडतेय ते कोणालाच कळेना.

पावणेपाचला मात्र काटा एकदम घसरला. "गेलं," सर पुटपुटले. मीटरताईने धावत अठ्ठेचाळीस आकडे पाहिले. विटा गरम, हवा गरम, एकतीस नंबरही गरम.

"यंत्रात काही नाही!" ती म्हणाली. "बाहेर कोणीतरी वाफ खेचतंय."

म्हाताऱ्याने नळीच्या जाड वेष्टनावर हात ठेवून डोळे मिटले होते. "दोन्ही मोठे हौद एकदम उघडलेत त्या गाढवांनी," ते शांतपणे म्हणाले. "मास्तरला फोन लाव. सांग, एक भरला की मग दुसरा. माझ्या वेळेला असं केलं असतं तर कान धरून बाहेर काढला असता."

फोन गेला. एक हौद बंद झाला. काटा थरथरत वर चढला, आपल्या जागी येऊन बसला आणि तिथून हलला नाही. सरांचा जीव भांड्यात पडला.

सात वाजता भोंगा वाजला. चौदा तास. शेडमध्ये असा गोंगाट झाला की फाटकावरचा पहारेकरी काय झालं म्हणून पळत आला आणि न विचारता तोही ओरडायला लागला. सरांनी म्हाताऱ्याला मिठी मारली, छोटीने मीटरताईला उचललंच. अक्षरशः, जमिनीपासून वीतभर.

तेवढ्यात भिंतीपलीकडून रंगमास्तर आले. बाह्या कोपरापर्यंत निळ्या.

"उरलीय का अजून?" त्यांनी विचारलं. "नाही, म्हणजे एक लॉट राहिलाय. माणसं म्हणतायत थांबतो. सव्वा तासाचं काम आहे."

सगळे मीटरताईकडे बघायला लागले. सरही. तिने पडद्यावरचे आकडे पाहिले, मनात हिशेब केला, परत केला.

"सव्वा काय, दोन तास घ्या," ती म्हणाली.

"मग नव्या बॉयलरच्या माणसाला मी उद्या सकाळी नको म्हणून कळवतो," एवढं बोलून मास्तर वळले आणि निळे हात हवेत उंच करून, कारखान्यातल्या लोकांना काहीतरी ओरडत, जवळजवळ धावतच गेले.

गर्दी पांगायला लागली तसे सर तिच्याजवळ आले. "सोमवारी नवे विद्यार्थी येतायत," ते म्हणाले. "त्यांचा पहिला तास नेहमी मी घेतो. या वेळी तुम्ही घ्या."

"मी? फळ्यापुढे उभं राहून मला नाही बोलता येणार, सर."

"मग?"

"त्यांना जुने बूट घालून यायला सांगा," ती म्हणाली. "शिडीवर चढवते सगळ्यांना."